कासुर्डीच्या मावंद्यात गेलेली माझी जागा

माझ्या विहीणबाईंनी मला फसवलं. पैशात नाही, सोन्यात नाही आणि लेकीच्या मानपानात तर नाहीच. त्या बाबतीत त्यांनी कधी वावगं केलं नाही, हे मी कुणाहीसमोर सांगेन. त्यांनी माझी जागा नेली. बाजारातली ओट्याची जागा नव्हे, शेताच्या बांधाची तर नव्हेच. परदेशात जाऊन, पहाटे उठून, माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलेली एक जागा त्यांनी स्वतः पाहिली म्हणून भर मावंद्यात सांगितली. माझ्या लेकीसमोर सांगितली. आणि मी शेजारी बसून ऐकली.

मी केंदूरची. शिरूरच्या बाजारात पोत्यावर झेंडूचा ढीग घेऊन बसण्यापासून माझं सुरू झालं. आज माझी स्वतःची शेवंती आहे, गुलछडी आहे, माल न्यायला स्वतःचं पिकअप आहे, आणि पुण्याच्या फूलबाजारात माझ्याशी भाव करताना दलाल आधी पाणी पितात. यातलं काही मला वारशात मिळालेलं नाही. सगळं तोंडाच्या जोरावर आणि या उजव्या अंगठ्याच्या जोरावर मिळवलं. अंगठ्याचं पुढं सांगते. माझा राग लवकर चढतो, हे शिरूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशी मी किती गिळलं याची किंमत वाचणाऱ्याला कळावी.

विहीणबाई भीमेपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या कासुर्डीच्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही मुलांनी ठरवलं की आईला युरोप दाखवायचा. एकटी कशी जाणार, तर सोबतीला मी. माझं तिकीट मी माझं काढलं. पुण्यातल्या टूरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी उठून दारापर्यंत गेले. त्याने हाक मारून परत बोलावलं, तेव्हा दोघींना दोन चाकाच्या बॅगा आणि विमानात खिडकीची जागा फुकट मिळाली. खिडकी एकच होती. ती मी घेतली. विहीणबाई म्हणाल्या, "घ्या. मला काय ढगच बघायचेत ना, ते कासुर्डीतनं दिसतात."

त्यांचे गुडघे तेव्हाच दुखत होते, पण त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. पॅरिसला पहिल्याच दिवशी बसमधून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला आणि चार पावलांवर थांबल्या. गाइडने चाकाची खुर्ची मागवायची तयारी दाखवली.

"खुर्ची नको," त्या म्हणाल्या. "कुणीतरी फोटो काढील आन् ग्रुपवर टाकील. पोरं म्हणतील, आईला कशाला धाडली."

"मग करता काय?" मी विचारलं.

"बसते बसमधी. तुम्ही या बघून आन् मला सांगा."

तेव्हापासून हा नियमच झाला. पॅरिसचा लोखंडी टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फाचा डोंगर, त्या सगळ्या दगडी चौकांमधली घड्याळं आणि चर्च, आम्ही पायी हिंडून पाहत होतो आणि विहीणबाई बसमध्ये बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होत्या. तिसऱ्या दिवसापासून तर बायका त्यांच्याच हातात पर्सा देऊन उतरायला लागल्या. संध्याकाळी हॉटेलात आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. तिकडं त्या दिवसांत रात्री नऊलाही ऊन असतं, झोप कुठली येणार. घरून नेलेला चिवडा मधे ठेवायचा आणि मी दिवसभराचं सगळं सांगायचं. मला सांगायला आवडायचं. खोटं का बोलू, त्या बसमध्ये बसल्या होत्या आणि मी पाहून आले होते, याची थोडी मजाही वाटायची. मी हातवारे करून सांगायची आणि त्या मधेच विचारायच्या, "वारा कुठनं येत हुता?" किंवा "हातात काय हुतं त्या बाईच्या?" मला वाटायचं, काय हे फुटकळ प्रश्न. आता कळतं, त्या माल तपासून घेत होत्या.

आता ती जागा.

नेदरलँड्समध्ये हॉटेल सोडायच्या दिवशी गाइड म्हणाला की वाटेत फुलांचा मोठा लिलाव आहे, पण पहाटे निघावं लागेल. सामान घेऊन सगळेच बसमध्ये चढले, पण पोचल्यावर निम्मे झोपेतच राहिले. आम्ही अकराजणी उतरलो. वर चढायला लांबलचक जिना, पुढं तेवढंच चालायचं, म्हणून विहीणबाई बसमध्ये, मांडीवर दहा पर्सा. अकरावी माझी, ती मी कुणाकडे देत नाही.

जिना चढून वरच्या गॅलरीत आले आणि मला खाली बघताना भोवळ आल्यासारखं झालं. उंचीने नव्हे, फुलांनी. केंदूरचं अख्खं गावठाण मारुतीच्या देवळासकट उचलून आत ठेवलं तरी कडेने बैलगाडी फिरेल, एवढं ते एकच छप्पर. त्याखाली फुलांच्या उंच गाड्या, एकीला एक जोडलेल्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या चाललेल्या. पुढं एका छोट्या यंत्रावर माणूस नुसता उभा राहून ती रांग ओढत नेतो. गुलाबांची रांग येते, ती सरते न सरते तोच दुसऱ्या बाजूने पांढऱ्या लिलींची वळण घेते. आणि वास नाही. एवढी फुलं आणि नाकाला काही नाही, कारण आत थंडी ठेवलेली असते. दुसरं म्हणजे आवाज नाही. आपल्याकडे पहाटे फूलबाजारात पाय ठेवला की कानाचे पडदे हलतात. इथं जगातला एवढा मोठा बाजार आणि कुणी ओरडत नाही, कुणी शपथ घेत नाही, कुणी उठून जायचं नाटक करत नाही. मला प्रथम वाटलं, आज बाजार बंद आहे की काय.

मग गाइडने पडद्यावरचं घड्याळ दाखवलं. गोल, मोठं, आणि त्यावर प्रकाशाचा एक ठिपका. आपल्याकडे लिलावात भाव खालून वर चढतो. तिथं उलटं. ठिपका चढ्या भावापासून सुरू होतो आणि झरझर खाली येत राहतो. खरेदी करणाऱ्यांच्या हाताशी बटण. बरेचसे तर म्हणे आता घरात बसूनच कॉम्प्युटरवर दाबतात. जो पहिला दाबेल त्याचा माल. लवकर दाबलं तर महाग पडतं, थांबलं तर दुसरा घेऊन जातो. तेवढाच सगळा व्यवहार. एक डोळा मिटून उघडेपर्यंत माल विकला जातो आणि ठिपका पुन्हा वर.

माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मला येत होतं. आयुष्यभर मी हेच केलं आहे. समोरचा किती खाली येईल, कुठं थांबेल, कुठल्या क्षणी "बरं, द्या" म्हणायचं, हे मला डोक्याने नाही, अंगठ्याने कळतं. आमच्याकडे जुने व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, त्यांच्याकडून मी ते शिकले. अंगठा आपोआप दाबला जातो, मग तोंड बोलतं. मी गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर अंगठा ठेवला. गुलाबाची गाडी आली, ठिपका सुटला, मी दाबलं, आणि त्याच क्षणाला ठिपका थांबला. पुन्हा एकदा केलं. पुन्हा थांबला. गाइड सांगत होता ते मला ऐकू येईना. मी हसायलाच लागले.

शेजारी एक म्हातारा उभा होता, गोरा, उंच, हाताच्या बोटांवर माळ्यासारखे घट्टे. तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता. त्याने काही न बोलता आपला अंगठा कठड्यावर ठेवला. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी येत नाही, पण भाव ठरवायला भाषा कुठं लागते. आम्ही दोघं खेळायला लागलो. ठिपका सुटायचा, दोघांचे अंगठे वर, आणि टक. कधी तो जवळ जायचा, जास्त वेळा मी. एकदा मी अगदी अचूक ठरले, तर त्याने डोक्यावरची टोपी काढून मला दाखवली. मी पदर सारखा केला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी टोपी काढली नव्हती माझ्यासाठी.

गाइडने हाका मारून मारून नेलं मला तिथून. संध्याकाळी विहीणबाईंना सांगताना मी खोलीतल्या टेबलावर अंगठा आपटून दाखवला. त्यांनी विचारलं, "टोपी कसली हुती?" मी म्हटलं, निळी, लोकरीची. त्या मान हलवत राहिल्या.

आणि मी ठरवलं की ही जागा मी उगाच वाटायची नाही. लेकीचा फोन आला तर तिलाही म्हटलं, "फोनवर न्हाई. मावंद्यात सांगीन."

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर सगळी तक्रार पोरकट वाटेल. माझी लेक लहानपणी शिरूरच्या बाजारात माझ्या दोन पाट्यांच्या मधे बसून अभ्यास करायची. मी गिऱ्हाइकाशी भाव करायला लागले की ती पुस्तकात तोंड घालायची. शिकून मोठी झाल्यावर तर दुकानात माझ्याबरोबर यायचीच नाही. "आई, तू भाव करू नकोस गं, मला लाज वाटते," हे मी तिच्या लग्नाच्या बस्त्यातसुद्धा ऐकलं आहे. मला तिला सांगायचं होतं की बघ, तुझी आई पोत्यावर बसून जे करत होती, त्याच्यासाठी तिकडं एवढं मोठं घड्याळ लावलंय.

पंधरा दिवस मी ते पोटात ठेवलं. शेजारणींनाही बर्फच सांगितला.

मावंदं कासुर्डीला. आपल्याकडे काशीहून कुणी परत आलं की गंगेचा गडू पुजायचा, जेवण घालायचं, यात्रेकरूच्या पाया पडायचं. विहीणबाईंचं म्हणणं, काशीपेक्षा लांब गेले, मग मावंदं का नाही. मुलांनी अंगणात मांडव घातला. भांडगावहून त्यांच्या माहेरच्या बायका आल्या, मी केंदूरहून माझ्या शेजारीण बाईंना घेऊन गेले. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्ध समाजाच्या, आपल्या पेन्शनीतून श्रीलंकेला जाऊन आलेल्या. आणि विहीणबाईंचे थोरले भाऊ आप्पा, दौंडला रेल्वेत नोकरी केलेले, पासावर सगळा देश पालथा घातलेले.

पाटावर तांब्याचा गडू मांडला होता, तोंड बांधलेला, वर झेंडूची माळ. झेंडू माझाच. भांडगावच्या बायका हळद-कुंकू वाहत होत्या, मीही वाहिलं. विहीणबाईंनी सांगितलं, "र्‍हाईन नदीचं पाणी हाय. धबधब्याचं."

इथं माझ्या मनात पहिली कळ आली. ते पाणी र्‍हाईनचं नव्हतं, हे जगात दोघींनाच माहीत होतं. धबधब्याशी बाटली मीच भरून आणून दिली होती. मी म्हटलं होतं, मोठ्या बॅगेत टाका, विमानाच्या पोटात जाईल. त्या म्हणाल्या, "तीर्थ काय चपलांच्या बॅगेत ठिवायचं?" म्हणून हातातल्या पिशवीत ठेवली. विमानतळावर तपासणीच्या पोराने ती काढली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली. विहीणबाई त्याला मराठीत सांगत होत्या, "आरं बाबा, नदी हाय ती." शेवटी त्यांनी त्या पिंपालाच हात जोडले. म्हणजे गडूत काय होतं? मुठा कालवा. त्यांच्या शेताच्या कडेने वाहतो तो. पण मी गप्प बसले. म्हटलं, माझी वेळ येऊ दे, मला काय करायचंय.

जेवणाआधी आप्पांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. या घरात आप्पांचा एक नियम आहे. पूर्वी काशीहून पाचजण परतले की पाचही जण तेच घाट सांगायचे आणि पंगतीतली भाजी निवायची. म्हणून परतलेल्याने एकच जागा सांगायची, आणि एकाने सांगितलेली दुसऱ्याने सांगायची नाही. "दोन जागा सांगितल्या की एकबी ध्यानात ऱ्हात न्हाई," असं आप्पा म्हणतात. नियम चांगला आहे. मीही सौद्यात असेच नियम आधी ठरवून घेते.

आप्पांनीच सुरुवात केली. ओडिशात त्यांची गाडी सिग्नलला थांबली आणि रुळाच्या कडेलाच सरोवराचं पाणी. "डब्याच्या पायरीवर बसलो तर पाय बुडतील वाटलं. पाखरं इतकी, की पाणी हाय का पाखरंच हायीत कळंना. सिग्नल पडला तवा मी इंजनवाल्याला मनात शिवी दिली."

मग माझ्या शेजारीण बाई. त्यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष सांगितला. फांद्यांना सोन्याच्या रंगाचे टेकू लावलेत, म्हाताऱ्या माणसाला आपण काठी देतो तसे, आणि खाली वाळूत पांढऱ्या कपड्यांतल्या बाया गप्प बसलेल्या. "मी बी बसले. एक पान पडलं तर चौघीजणी हळूच उठल्या. ज्या बाईच्या हाती आलं तिनं मला दाखवलं, आन् मग पदरात बांधलं." भांडगावची एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या हाती न्हाई दिलं?" बाई म्हणाल्या, "दिलं हुतं. मी परत दिलं. तिचं हुतं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं आणि विहीणबाईंनी तर कान टवकारून ऐकायला हवं होतं.

आप्पा बहिणीकडे वळले. "हां, आता यात्रेकरू. सांग."

विहीणबाईंनी पदर घेतला, गडूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी फुलांचा बाजार सांगते."

मला वाटलं, माझ्या कानात काही गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सुरुवात त्यांनी थंडीपासून केली. फुलं नाही, थंडी. "आत गेलं की पहिली थंडी लागती. मग फुलं दिसत्यात. पर वास न्हाई." मग थांबल्या. सगळ्या बायकांनी नकळत वास घेऊन बघितला. मग गाड्यांची रांग, मग ती शांतता. ठिपका सांगताना त्यांनी बोट वरून सावकाश खाली आणलं, आणि मांडवातल्या एकूण एक बाईची नजर त्या बोटाबरोबर खाली उतरली. आणि मग गडूच्या काठावर अंगठा, टक. माझा अंगठा. त्यानंतर म्हातारा आला, त्याच्या हातावरचे घट्टे आले. निळी लोकरीची टोपी आली, ती त्यांनी आपल्या डोक्यावरून अशी काढली की आप्पांनी नकळत स्वतःच्या टोपीला हात लावला.

मी लेकीकडे बघितलं. ती माझ्यापासून दोन हातांवर, ताटं मांडायची सोडून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. लहानपणी पुस्तकात तोंड घालायची ती पोर, तोंड उघडं टाकून. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी पंधरा दिवस मनात रंगवलं होतं. ते आलं, पण माझ्या वाट्याला नाही.

आणि शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "मग सगळ्यात शेवटाला आपली शेवंती आली. पिवळी. आपल्या रानातली असती तशीच. ठिपका सुटला. म्हाताऱ्यानं अंगठा उचलला. पर माझा काय उठला न्हाई. मी तसाच कठड्यावर धरून ठिवला. म्हटलं, आपल्याच मालाचा भाव आपुन कसा पाडायचा? आन् तो म्हातारा माझ्याकडं बघून हसला. त्यानंबी आपला अंगठा खाली घेतला."

आप्पांनी डोळे पुसले.

माझ्या कानांत भणभण सुरू झाली. ती कशाने, ते शेवटी सांगते. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आता विहीणबाई, तुम्ही."

माझ्याजवळ काय उरलं होतं? नियम ठरलेला. बाजार गेला. मी म्हटलं, "पॅरिसचा टॉवर."

"व्हय, सांगा की."

"लोखंडी हाय."

"आन्?"

"आन् काय? उंच हाय."

भांडगावच्या बायका पदराआड हसल्या. आप्पा म्हणाले, "चला, पानं वाढा."

जेवण मी जेवले. लेकीच्या घरचं अन्न, टाकून उठता येत नाही. पण पंगत उठल्यावर विहीणबाई चुलीमागच्या खोलीत पानाचा डबा काढायला गेल्या, तशी मी मागून गेले आणि दार ओढून घेतलं.

"विहीणबाई, गडूत कालवा हाय."

त्यांनी पानाला चुना लावायचं थांबवलं नाही. "मग?"

"मग माझी जागा मला परत करा. भाईर चला आन् आप्पांना सांगा, ती हिची. न्हाईतर मी पाण्याचं सांगते."

"सांगा की. हळद-कुंकू तुम्ही बी वाहिलंय."

मी बाजारात भल्याभल्यांना असं कोंडलं आहे. पण हा पेच मला नवा होता. मी आवाज चढवला. "तुम्ही बसमधी बसला हुतात."

"व्हय. दहा पर्सा घिऊन. पॅरिसलाबी बसले, बर्फालाबी बसले." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरांनी एवढी हौस केली. आज समदं गाव जमलं. मी काय सांगायचं हुतं, त्या पर्सांचे रंग? ते बी सांगते हां. लाल चार, काळ्या पाच, एक पिवळी, तिची चेन तुटकी."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिली असती?"

"न्हाई."

"मग." त्यांनी विडा माझ्या हातात दिला. "रोज सांजच्याला तुम्हीच मला दिली. भाव न ठरवता दिली. आता माल उचलल्यावर काय भांडता?"

आणि या घरात माझी लेक नांदते, म्हणून मी तो विडा तोंडात घातला. दुसरं काही घालायला जागा नव्हती.

निघताना लेक पिकअपपर्यंत आली. सासूला ती आत्या म्हणते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तो बाजार तुझ्या आत्यांनी पाहिलेला न्हाई. मी पाहिला."

ती हसली. "मला माहीत आहे, आई. आत्यांना आमच्या गच्चीचा जिना चढवत नाही, त्या तिथला काय चढणार. आणि त्यांनी गडूवर अंगठा टेकवला तेव्हाच कळलं. बस्त्यात तू माझ्या पाठीवर तसाच टेकवत होतीस, आता घे म्हणून."

मला एवढं बरं वाटलं की मी पिकअपच्या दाराला धरून उभी राहिले. "मग ऐक," मी म्हटलं, "मी सांगते नीट." आणि मी सांगायला सुरुवात केली. मोठं छप्पर होतं, फुलं होती, घड्याळ होतं, मी सगळ्यांत जास्त वेळा जिंकले. माझंच मला कळत होतं की हे टॉवरसारखं होतंय.

लेक थोडा वेळ ऐकून म्हणाली, "आई, आत्यांनी सांगितलं तसं सांग ना. ते शेवंतीचं सांग."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. आता ती भणभण. ते शेवंतीचं मी विहीणबाईंना सांगितलंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं की शेवटपर्यंत जिंकले. खरं असं की शेवटाला पिवळी शेवंती आली, आणि ठिपका सुटला, आणि माझा अंगठा कठड्यावरून उठलाच नाही. इतका वेळ मी घेणाऱ्याचा खेळ खेळत होते आणि एकदम कळलं की खाली येतोय तो कुणाच्यातरी रानाचा भाव आहे, माझ्यासारखीचा. लवकर दाबावं तर भाव करणारीला पटेना, थांबावं तर पिकवणारीला बघवेना. ठिपका कुठल्या कुठं जाऊन थांबला. भाव करायच्या जागी माझा अंगठा अडला, याची लाज वाटून मी ते कुणालाच सांगितलं नाही. गाइडला नाही, लेकीला नाही. खिडकीशी चिवडा खाताना विहीणबाईंना तर नाहीच. माझ्या अंगठ्याकडे फक्त तो म्हातारा बघत होता, आणि त्याने खरोखरच आपला अंगठा खाली घेतला होता.

तेव्हा जागेचं मी सोडून देते. पाण्याचंही बोलत नाही, गडू त्यांच्या देव्हाऱ्यात राहू दे. पण एका गोष्टीवर मी सौदा करणार नाही, आणि हे लिहून कासुर्डीला पाठवते आहे ते त्यासाठीच. विहीणबाई, तुम्ही बसमध्ये होतात, मांडीवर दहा पर्सा होत्या, आणि मधे अख्खी इमारत होती. मी जे तोंडातून काढलं नाही ते तुम्ही कुठून घेतलंत? पोरांना पुढं करू नका, आप्पांना मधे घालू नका, विडा करून देऊ नका. तुम्ही स्वतः उत्तर द्या.